जिवंत पेशीचा सांगाडा रंगवायचा आहे? आधी डोस ठरवा

पेशीचा सांगाडा प्रथिनांच्या तंतूंचा असतो, त्यातले दोन मुख्य म्हणजे ॲक्टिनचे तंतू आणि ट्यूब्युलिनच्या नळ्या, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल. फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने आहे तशी गोठवलेल्या पेशीत ॲक्टिन बघायला फारसं कौशल्य लागत नाही. फॉर्माल्डिहाइडने पेशी फिक्स करायच्या, डिटर्जंटने पेशीपटलाला भोकं पाडायची, रंग जोडलेलं फॅलॉइडिन (ॲक्टिनच्या तंतूंना चिकटणारा रेणू) घालायचं आणि अर्ध्या तासाने धुऊन मायक्रोस्कोपखाली ठेवायचं. चित्र देखणं येतं, पण पेशी मेलेली असते. तुमचा प्रश्न ‘पेशी सरकते कशी’, ‘दुभंगते कशी’ किंवा ‘औषध घातल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय होतं’ असा असेल, तर मेलेल्या पेशीचे कितीही फोटो काढले तरी तो सुटत नाही. आणि फॅलॉइडिन जिवंत पेशीच्या पटलातून आत शिरत नाही. तिथे दुसरे डाय, म्हणजे रंग, लागतात.

हा लेख एमएस्सीच्या प्रोजेक्टला किंवा पीएचडीच्या पहिल्या वर्षाला असलेल्यांसाठी आहे. सेल कल्चर येतं, कॉन्फोकल मायक्रोस्कोपचं ट्रेनिंग झालंय, पण जिवंत पेशीत डाय घालून टाइम-लॅप्स (ठरावीक वेळाने एकेक फ्रेम) कधी घेतलेला नाही, असं मी धरून चाललो आहे. उदाहरण म्हणून एसआयआर-ॲक्टिन आणि एसआयआर-ट्यूब्युलिन ही जोडी घेतो. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या संस्थेत काई जॉन्सन यांच्या गटाने हे डाय बनवले आणि 2014 मध्ये प्रसिद्ध केले. आज बहुतेक लॅबच्या फ्रीझरमध्ये हे किंवा यांची भावंडं सापडतात.

डब्यात नेमकं काय आहे

हे डाय म्हणजे रंग जोडलेली औषधं आहेत, आणि औषधंही साधी नाहीत. एसआयआर-ॲक्टिनमधला ॲक्टिनला चिकटणारा भाग जॅस्प्लाकिनोलाइडवरून घेतलेला आहे. हे समुद्री स्पंजात सापडणारं विष ॲक्टिनच्या तंतूंना धरून ठेवतं आणि सुटू देत नाही. एसआयआर-ट्यूब्युलिनमधला भाग डोसेटॅक्सेलचा, म्हणजे कर्करोगावर केमोथेरपीत देतात तेच औषध. ते मायक्रोट्यूब्यूलला आतल्या बाजूने चिकटतं आणि त्याचं विघटन थांबवतं. दोन्हींना जोडलेला रंग सिलिकॉन-ऱ्होडामाइन, नावातलं ‘एसआयआर’ ते हेच. तो 650 नॅनोमीटरच्या आसपास उद्दीपित होतो आणि 674 च्या आसपास चमकतो, म्हणजे गडद लाल टोकाला.

या रंगाची एक करामत आहे. मोकळा असताना त्याचा रेणू बहुतांशी मिटलेल्या, बिनरंगी रूपात राहतो. लक्ष्याला चिकटला की उघडतो आणि चमकायला लागतो. त्यामुळे माध्यमात, म्हणजे पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात, उरलेला डाय धुतला नाही तरी पार्श्वभूमी बऱ्यापैकी काळी राहते.

नवखा माणूस ही करामत वाचून खूश होतो आणि औषधाचा भाग विसरतो. सांगाडा सतत बनतो आणि मोडतो, म्हणून तर तो बघायचा, आणि आपण घालतो ती वस्तू त्याचं मोडणं थांबवणारी. जास्त डाय घातला तर चित्र झकास येईल, पण ते डोसेटॅक्सेल दिलेल्या पेशीचं चित्र असेल. दिसण्यापुरता कमीत कमी डाय किती लागतो, हे शोधणं हाच या कामाचा मोठा भाग आहे.

आधी ठरवा: डाय हवा आहे का?

सगळ्या प्रश्नांना डाय लागत नाही. मायक्रोट्यूब्यूलचं टोक कसं वाढतं, किती वेगाने वाढतं, मध्येच का कोसळतं हा तुमचा प्रश्न असेल, तर एसआयआर-ट्यूब्युलिनच्या वाटेला जाऊ नका. टॅक्सेनची जात, म्हणजे डोसेटॅक्सेल आणि त्याचे भाऊबंद, त्याच हालचालीत ढवळाढवळ करते. तिथे ईबी3 सारखं टोकाला बसणारं प्रथिन जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाला जोडून पेशीत व्यक्त करा, म्हणजे त्याचं जनुक घालून पेशीकडूनच ते बनवून घ्या. वाढती टोकं धूमकेतूसारखी पळताना दिसतात आणि वेग मोजता येतो.

ॲक्टिनसाठी लाइफॲक्ट हा पर्याय आहे. यीस्टच्या एका प्रथिनातला 17 अमिनो आम्लांचा हा तुकडा 2008 मध्ये पुढे आला. तोही निर्दोष नाही. जास्त व्यक्त झाला तर तंतूंच्या वागण्यात फरक पडतो, आणि कोफिलिन (तंतू तोडणारं प्रथिन) चढलेलं ॲक्टिन त्याला नीट दिसत नाही. उट्रोफिनचा ॲक्टिनला चिकटणारा भाग किंवा एफ-ट्रॅक्टिन हेही वापरतात, आणि प्रत्येकाची काही ना काही खोड असते. म्हणून महत्त्वाचा निष्कर्ष एकाच प्रोबवर, म्हणजे दाखवणाऱ्या एकाच रेणूवर, टाकू नये. डायने दिसलं ते लाइफॲक्टनेही दिसतं का, एवढं तरी तपासावं.

मग डाय कधी? ट्रान्सफेक्शन (बाहेरचं जनुक आत घालणं) जमत नसलेल्या, थेट ऊतीतून काढलेल्या प्राथमिक पेशींत, रुग्णाकडून आलेल्या नमुन्यात, किंवा जीएफपी आणि एमचेरी (लाल चमकणारं प्रथिन) यांचे चॅनेल आधीच दुसऱ्या प्रथिनांनी अडवलेले असताना. डाय जनुक न घालता बहुतेक पेशींत जातो आणि काही तासांत तयार असतो, ही त्याची खरी ताकद.

सांगाड्यातल्या तिसऱ्या प्रकारच्या तंतूंचा, म्हणजे इंटरमीडिएट फिलामेंटचा, विषय इथेच संपवतो. व्हायमेंटिन किंवा केराटिनसाठी असा सवयीचा, पेशीत आपसूक शिरणारा डाय नाही. तिथे फ्लुरोसंट प्रथिन जोडणं हाच रस्ता.

आदल्या दिवशी

काचेच्या तळाची डिश घ्या. काच 1.5 नंबरची, म्हणजे 0.17 मिलिमीटर जाडीची हवी, कारण ऑइल ऑब्जेक्टिव्ह त्याच जाडीसाठी घडवलेले असतात. नेहमीच्या प्लास्टिकच्या डिशवर 63× ऑब्जेक्टिव्ह लावून उपयोग नाही. फोकसही नीट होणार नाही आणि झालाच तर चित्र माती.

पहिल्या प्रयोगासाठी हेला किंवा यू2ओएस या लॅबमध्ये नेहमी वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी घ्या. यू2ओएस चपट्या पसरतात, त्यामुळे ॲक्टिनच्या स्ट्रेस फायबर (जाड जुड्या) तळाशी छान दिसतात. लॅबमध्ये नसतील तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या पेशी संग्रहातून देशभरच्या लॅब पेशी मागवतात, तिथे विचारा. पेशी दाट पेरू नका. दुसऱ्या दिवशी डिश निम्मी भरलेली असावी, एवढा अंदाज पुरे. गर्दीतल्या पेशी एकमेकींवर चढतात आणि कोणाचा तंतू कोणाचा हे कळत नाही. नुसत्या काचेवर पेशी धरत नसतील तर फायब्रोनेक्टिन किंवा पॉलिलायसिनचा थर द्या.

त्याच दिवशी मायकोप्लाझ्मा (पेशींना लपून लागणारे जिवाणू) तपासणी कधी झाली ते वहीत बघा. झालेली नसेल तर आधी ती करा. संसर्ग झालेल्या पेशींवर आठवडाभर घालवून शेवटी हे कळणं फार महाग पडतं.

स्टॉक बनवणं आणि 0.1 मायक्रोलिटरचा घोळ

डाय कोरड्या पावडरीच्या रूपात येतो, साधारणपणे 50 नॅनोमोल. त्यात 50 मायक्रोलिटर कोरडं डीएमएसओ (डाय विरघळवणारा द्रव) घातलं की 1 मिलिमोलर स्टॉक झाला. कुपी फ्रीझरमधून काढल्या काढल्या उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग झाकण काढा. डीएमएसओ ओलावा भसाभस ओढतं. मुंबईत जुलै महिन्यात थंडगार कुपी उघडलीत तर आत डीएमएसओबरोबर पावसाळाही जाईल. स्टॉकचे छोटे छोटे भाग करून उणे 20 अंशांवर ठेवा, म्हणजे एकच कुपी पुन्हा पुन्हा वितळवावी लागणार नाही.

आता डोस. सुरुवात 100 नॅनोमोलरपासून करा. 1 मिलिमोलर स्टॉकवरून तिथे पोचायचं म्हणजे दहा हजार पट पातळ करायचं. 1 मिलिलिटर माध्यमाला 0.1 मायक्रोलिटर लागेल, आणि तेवढं कुठलंही पिपेट भरवशाने उचलत नाही. इथेच नवखा माणूस ‘अर्धा मायक्रोलिटर घालू, काय फरक पडतो’ म्हणतो, आणि डोस पाचपट होतो. त्यापेक्षा मधली पायरी घ्या. 99 मायक्रोलिटर कोमट माध्यमात 1 मायक्रोलिटर स्टॉक घालून नीट मिसळा, हे झालं 10 मायक्रोमोलर. त्यातलं 10 मायक्रोलिटर 990 मायक्रोलिटर माध्यमात घाला. झालं 100 नॅनोमोलर, आणि डीएमएसओ फक्त 0.01 टक्के. मधली पायरी लगेच वापरा. उद्यासाठी म्हणून फ्रिजमध्ये ठेवू नका.

पहिल्याच दिवशी चार डिश लावा: 25, 50, 100 आणि 250 नॅनोमोलर. पाचवी नुसत्या डीएमएसओची. किटबरोबरच्या कागदावर 1 मायक्रोमोलरपर्यंतचा आकडा दिसेल. तो थोड्या वेळाच्या चित्रासाठी ठीक आहे. रात्रभराच्या टाइम-लॅप्ससाठी, त्यातही ट्यूब्युलिनच्या डायला, 100 च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे.

डोस जितका कमी, तितका वेळ जास्त. 1 मायक्रोमोलरला तास पुरतो, 100 नॅनोमोलरला कित्येकदा चार-सहा तास किंवा रात्रभर द्यावी लागते. घाईच्या दिवशी हा प्रयोग लावूच नका.

वेरापमिल घालायचं की नाही?

किटमध्ये बहुधा वेरापमिलची छोटी कुपीही येते. काही पेशी डाय आत आला की पंपाने बाहेर फेकतात. मूत्रपिंड, यकृत, आतडं अशा ठिकाणच्या पेशींत हे पंप जोरात असतात. वेरापमिल ते पंप अडवतं आणि डाय आत टिकतो. नेहमीचा डोस 10 मायक्रोमोलर.

पण वेरापमिल हे रक्तदाबावरचं औषध आहे. ते पेशीतल्या कॅल्शियमच्या वाहिन्या बंद करतं. स्नायूपेशी, हृदयाच्या पेशी, चेतापेशी यांच्यात ते घालून ॲक्टिनबद्दल काही निष्कर्ष काढायचा म्हणजे पंचाईतच. आधी त्याच्याशिवाय बघा. दिसलं तर कुपी तशीच राहू द्या. नाइलाजाने घातलंत तर कंट्रोल डिशमध्येही तेवढंच घाला.

मायक्रोस्कोपपाशी

चेंबर आणि ऑब्जेक्टिव्हचा हीटर दोन-तीन तास आधी चालू करा. धातू गरम होताना पसरतो आणि फोकस सरकत राहतो. ऐन वेळी चालू केलंत तर पहिला तासभर फोकसच्या मागे धावण्यात जाईल. 37 अंश, 5 टक्के कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा हवाच. ओलावा नसेल तर माध्यम आटतं, क्षार घट्ट होतात आणि पेशी आक्रसतात.

डिश एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत न्यायची असेल तर गरम ठेवूनच न्या. थंडीने मायक्रोट्यूब्यूल मोडतात, हे पाठ्यपुस्तकात वाचलेलं असतं. एसी लावलेल्या खोलीतल्या थंड स्टेजवर डिश ठेवली की तेच तुमच्या पेशीत घडतं. पोचल्यावर अर्धा तास पेशींना स्थिर होऊ द्या.

माध्यम शक्यतो फिनॉल रेडविना (त्यातल्या लाल सूचक रंगाविना) घ्या. गडद लाल चॅनेलला त्याचा फारसा त्रास नसतो, पण सोबत जीएफपी बघत असाल तर पार्श्वभूमी वाढते. कार्बन डायऑक्साइडची सोय नसेल तर हेप्स (आम्लता स्थिर ठेवणारा बफर) घातलेलं माध्यम चालतं. मात्र हेप्स आणि रायबोफ्लेविन असलेल्या माध्यमावर जोरदार प्रकाश पडला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, म्हणून डिश खोलीच्या उजेडात उघडी ठेवू नका.

आता एक अशी गोष्ट, जिच्यापायी चांगला डाय कचऱ्यात जातो. आयपीसमधून बघितलं तर काहीच दिसत नाही. माणसाचा डोळा 670 नॅनोमीटरच्या पुढे जवळजवळ आंधळा असतो. पेशी छान रंगलेल्या असतात, कॅमेऱ्याला लख्ख दिसतात, आणि आपण ‘स्टेनिंग झालंच नाही’ म्हणून आणखी डाय ओततो. साध्या प्रकाशात पेशी शोधा, फोकस करा, आणि मग थेट कॅमेऱ्यावर किंवा डिटेक्टरवर बघा. लेझर 640 चा, फिल्टर साय5 चा.

लेझर एक-दोन टक्क्यांपासून सुरू करा आणि कॅमेऱ्याचं एक्स्पोजर 200 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. चित्र दाणेदार आलं तर येऊ द्या, तंतू ओळखू येतात ना? प्रकाशानेही पेशी मरते, आणि ते मरण लगेच दिसत नाही. आधी कडा आत ओढल्या जातात, मग पृष्ठभागावर फुगे येतात, मग पेशी गोल होते. झेड-स्टॅकचा, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवर थरांमागून थर टिपण्याचा, मोहही आवरा. दहा थर म्हणजे दहापट प्रकाश. स्ट्रेस फायबर काचेला लागून असतात, त्यांना एक थर पुरतो.

फ्रेमचा वेग प्रश्नावर ठरतो. पुढे पसरणाऱ्या कडेचं ॲक्टिन पाच ते दहा सेकंदांनी एक फ्रेम घेतली तर नीट कळतं. विभाजनाला दोन-तीन मिनिटांनी, पेशी चालण्याला पाच-दहा मिनिटांनी पुरते. उगीच सेकंदाला एक घेऊ नका.

अपेक्षाही माफक ठेवा. ॲक्टिनचा तंतू 7 नॅनोमीटर जाड, मायक्रोट्यूब्यूल 25. तुमचं 1.4 एनएचं (एनए म्हणजे प्रकाश गोळा करण्याच्या क्षमतेचा आकडा) ऑब्जेक्टिव्ह या रंगात साधारण 240 नॅनोमीटरपर्यंतच वेगळं करून दाखवतं. म्हणजे बारीक रेघ दिसली तरी तो एक तंतू की दहांची जुडी, हे नुसत्या जाडीवरून सांगता येत नाही. त्याच्या पलीकडे जायचं तर स्टेडसारखं सुपर-रिझोल्यूशन तंत्र हवं, आणि तिथे हा रंग चांगला टिकतो. 2014 च्या त्या कामातच उंदराच्या चेतापेशींच्या अक्षतंतूतली ॲक्टिनची रचना आणि सेंट्रोसोमची नऊ बाजूंची सममिती स्टेडने दाखवली होती.

दोन रंग एकदम हवे असतील तर एसआयआर-ॲक्टिन आणि एसआयआर-ट्यूब्युलिन एकाच डिशमध्ये घालून चालणार नाही, दोन्हींचा रंग तोच. एकाऐवजी स्पाय555 मालिकेतला डाय घ्या. केंद्रक बघायला होएश्ट हा डीएनएचा डाय वापरायचा तर 405 चा लेझर लागतो, आणि तो जिवंत पेशीला सगळ्यात जास्त भाजतो. दर फ्रेमला केंद्रक हवंच का, हे स्वतःला विचारा.

दिसतंय ते खरं आहे का?

डाय न घातलेली डिश त्याच लेझरवर, त्याच एक्स्पोजरवर आधी घ्या. तिच्यात जे चमकतं ते पेशीचं स्वतःचं.

मग लक्ष्य मोडून बघा. ॲक्टिनचे तंतू मोडायला लॅट्रनक्युलिन, मायक्रोट्यूब्यूल मोडायला नोकोडॅझोल. इथे क्रम महत्त्वाचा. आधी औषध, मग डाय. उलट केलंत तर डायने घट्ट धरलेले तंतू औषधाला दाद देत नाहीत, आणि ‘औषध खराब निघालं’ असा शेरा वहीत जातो. तंतू नाहीसे होऊन नुसती धूसर चमक उरली तर डाय योग्य जागी चिकटत होता असं समजा.

सगळ्यात जास्त भरवशाची चाचणी सगळ्यात स्वस्त आहे. डाय घातलेली आणि न घातलेली डिश रात्रभर साध्या प्रकाशात, दहा मिनिटांनी एक फ्रेम अशी सोडा आणि सकाळी विभाजनं मोजा. हेलाची पेशी गोल झाल्यापासून साधारण तासाभरात दोन होते. डायच्या डिशमध्ये गोल पेशी तासन् तास तशाच अडकून पडल्या असतील तर डोसेटॅक्सेल आपलं काम करतंय. डोस निम्मा करा आणि पुन्हा बघा. ही चाचणी न करता विभाजनावर निष्कर्ष मांडलेलं पोस्टर दिसलं की मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

बिघडलं तर

तंतू नाहीत, सगळीकडे धुकं: वेळ कमी पडला असेल, किंवा पेशी आजारी असतील. आधी वेळ वाढवा, डोस नंतर. पेशीत चमकदार ठिपके: डाय लायसोसोममध्ये (पेशीच्या कचरापेटीत) साठला किंवा माध्यमात गोळा झाला. ताजं पातळ करून बघा, आणि ठिपके तंतूंवर बसलेत की सुटे आहेत ते तपासा. ॲक्टिनच्या गुठळ्या आणि स्ट्रेस फायबर गायब: हा जॅस्प्लाकिनोलाइडचाच प्रताप, डोस जास्त आहे. शेजारच्या दोन पेशींत जमीन-अस्मानाचा फरक: पंपांचा खेळ असू शकतो, वेरापमिलचा विचार आता करा. पहिल्या फ्रेमला चित्र छान आणि विसाव्याला काळं: लेझर जास्त आहे, डाय नव्हे.

तुलना करायच्या सगळ्या डिशची चित्रं एकाच सेटिंगवर घ्या आणि मूळ फाइल जपून ठेवा. जेपेग फक्त व्हॉट्सॲपवर गाइडना दाखवायला. फिजी या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ब्राइटनेस वाढवलात तर सगळ्या चित्रांना सारखाच वाढवा. वहीत डायचा लॉट नंबर, डोस, किती वेळ ठेवला, वेरापमिल होतं का, लेझरची टक्केवारी, एक्स्पोजर आणि तापमान लिहा. सहा महिन्यांनी पेपर लिहिताना यातली एक तरी गोष्ट हमखास आठवत नाही.

आणि जिवंत चित्रण संपल्यावर त्याच डिशला फिक्स करून फॅलॉइडिन घालायचा बेत असेल तर थांबा. जॅस्प्लाकिनोलाइड आणि फॅलॉइडिन ॲक्टिनवर एकाच जागेसाठी भांडतात, त्यामुळे फॅलॉइडिनचा रंग फिका आला तर तो ॲक्टिन कमी झाल्यामुळे की जागा अडल्यामुळे, हे कळणार नाही. फॅलॉइडिनसाठी त्याच दिवशी पेरलेली, डाय न घातलेली जोडडिश आधीपासून बाजूला ठेवा.